वाचकांचे प्रश्न : काळजी वाटते म्हणजे विश्वास कमी पडला का?

सोलापूरहून आलेली पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. विषय एकच आहे, भीती आणि काळजी. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत, आणि लांब पत्रांतला मुख्य भागच छापला आहे.

प्रश्न : मी कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत राहते, विड्या वळते. मिस्टर यंत्रमागावर आहेत, पण तीन महिने झाले, त्यांचा कारखाना एकाच पाळीत चालतो. मुलीच्या फीसाठी ४०,००० रुपये शेकडा पाच रुपये महिन्याने उचलले. रोज रात्री दोनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. उपासनेत ऐकले की काळजी करणे हे पाप आहे, अविश्वास आहे. तेव्हापासून प्रार्थनेला बसायचीही लाज वाटते.

ताई, आधी त्या लाजेचे बघू. पैशाची अडचण तुम्हाला माणसांपुढे संकोचायला लावते, ते समजण्यासारखे आहे. पण जिथे मन मोकळे करायचे तिथेच जायची लाज वाटू लागली, तर माणूस दोन्हीकडून कोंडला जातो.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात प्रभू येशू 'चिंता करू नका' असे म्हणतात आणि ३० व्या वचनात 'अल्पविश्वासी' हा शब्दही येतो, हे खरे. पण हाच शब्द १४ व्या अध्यायात पुन्हा येतो. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालता चालता वारा बघून घाबरतो, बुडू लागतो, ओरडतो. ३१ व्या वचनातला क्रम नीट वाचा. येशूने लगेच हात पुढे करून त्याला धरले आणि त्यानंतर 'अल्पविश्वासी' म्हटले. हात आधी, बोल नंतर. बुडणाऱ्याला आधी बोल लावून मग हात द्यायचा, असे प्रभूने केलेले नाही. कुणी तुम्हाला तसे सांगत असेल, तर ते शास्त्राला धरून नाही, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

दुसरे असे की, शास्त्रात काळजीचे दोन प्रकार आहेत. फिलिप्पैकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायात प्रेषित पौल 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' असे लिहितो. त्याच पत्राच्या २ ऱ्या अध्यायात (२:२०) तो आपला सहकारी तीमथ्य याची वाखाणणी करतो, ती मंडळीची, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांची, मनापासून काळजी करणारा म्हणून. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद आहे. मुलीच्या फीची काळजी वाटते, कारण मुलगी तुमची आहे. त्यात पाप नाही. रात्री दोन वाजता, जेव्हा काहीच करता येत नाही, तेव्हा तीच गोष्ट चाळीस वेळा घोळवत राहणे हा दुसरा प्रकार. त्याने पोरीची फी भरली जात नाही आणि सकाळी हात मात्र चालत नाहीत. प्रभूने हा दुसरा प्रकार सोडायला सांगितले आहे. 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे' (मत्तय ६:३४), म्हणजे दुःख नाही असे नाही. एका दिवसाला एका दिवसाचेच उचला.

हे करायचे कसे? पौलाने फिलिप्पै ४:६ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या आहेत : प्रार्थना, विनंती आणि आभार. हे पत्र त्याने बंदिवासातून लिहिले, हेही लक्षात असू द्या. त्याला अडचणींची कल्पना नव्हती, असे म्हणायला जागा नाही.

एक साधी वही घ्या. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी, समजा सहा वाजता, विड्यांचे सूप बाजूला ठेवून पंधरा मिनिटे बसा. झोपायच्या आधी नको, आणि अंथरुणावर तर मुळीच नको. नाहीतर अंथरूण दिसले की मनाला हिशेबच आठवू लागतो. पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'आज माझ्या हातात', उजवीकडे 'माझ्या हाताबाहेर'. मनात जे जे आहे ते योग्य बाजूला लिहा. 'फार टेन्शन आहे' असे लिहून उपयोग नाही. '१० तारखेला २,००० रुपये व्याज द्यायचे आहे, ८०० कमी पडतात' असे लिहा. डाव्या बाजूच्या एका कामाला दिवस आणि वेळ द्या. उजव्या बाजूचे एकेक नाव घेऊन देवाला सांगा, विनंती नेमकी करा, आणि आजच्याच दिवसातल्या दोन गोष्टींसाठी आभार माना. पाणी वेळेवर आले, मालकाने पाने बरी दिली, असे काहीही चालेल. आभार अडचण लपवायला नसतात. अडचणीने सगळी जागा व्यापू नये म्हणून असतात. मग 'आमेन' म्हणून वही मिटायची.

यात तीन चुका होतात. पहिली, डोळे मिटून काळजीच करणे आणि तिला प्रार्थना समजणे. अर्धा तास बोलून एकही विनंती झाली नसेल, तर ते घोळवणेच होते. दुसरी, दोन-तीन दिवसांत सोडून देणे. पहिल्या आठवड्यात लिहिल्यामुळे काळजी उलट मोठी वाटते, कारण इतके दिवस ती धुरासारखी पसरली होती, आता आकड्यांत समोर दिसते. निदान तीन आठवडे करा. तिसरी, 'आमेन' नंतर मनात पुन्हा तेच आले की हरलो असे वाटणे. तसे येणारच. तेव्हा एवढेच म्हणायचे : हे वहीत आहे, उद्या सहा वाजता बघू.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:७) चिंता देवावर 'टाका' असे आहे. त्या ग्रीक क्रियापदाचा नव्या करारात आणखी एकच वापर आहे, लूक १९:३५ मध्ये. शिष्यांनी आपली वस्त्रे शिंगरावर टाकली, तिथे. खांद्यावरचे ओझे उचलून दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचे, इतकी हाताने करायची ही कृती आहे. विड्या वळताना मन भरकटले, तर विड्यांच्या कट्ट्याला (जुडीला) दोरा बांधताना दर वेळी एकच वाक्य म्हणा : 'प्रभू, हे तुझ्यावर टाकते.' दिवसातून कितीदा म्हटले ते मोजू नका.

रात्री दोनला जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून बसा. मोबाइल नको, घड्याळही बघू नका. स्तोत्र १३ वाचा, सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता दावीद चार वेळा 'कोठवर' विचारतो. देवाला असे विचारायची मुभा शास्त्रानेच दिली आहे. पुढच्या दोन वचनांत मागणे आहे, शेवटच्या दोन वचनांत भरवसा. हाच क्रम ठेवा. तक्रार गाळून एकदम भरवशावर उडी मारायला जाऊ नका.

आता कर्जाचे, कारण डाव्या रकान्यात तेच पहिले लिहायला हवे. ४०,००० रुपयांवर शेकडा पाच म्हणजे महिन्याला २,००० आणि वर्षाला २४,०००; वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज जाते आणि मुद्दल तसेच राहते. देणाऱ्याकडे परवाना आहे का, ते पाहा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. कोरा चेक किंवा सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर दिला असेल, तर तेही तक्रारीत लिहा. बचत गटातून किंवा बँकेतून कमी दराचे कर्ज मिळत असेल, तर हे आधी फेडा. आणि मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे मंडळीची जबाबदारी वाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते, अशा एकाला सांगा. गलतीकरांस पत्राच्या ६:२ मध्ये एकमेकांची ओझी वाहायला सांगितले आहे, पण न सांगितलेले ओझे कुणाला दिसणार?

प्रश्न : वय २६. पुण्यात नोकरी. दर सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेसने जातो. दोन महिन्यांपूर्वी गाडीतच छाती धडधडू लागली, हातांना मुंग्या आल्या, आता मरतो असे वाटले. ईसीजी आणि रक्ततपासणी चांगली आली. डॉक्टरांनी 'पॅनिक'चे निदान करून गोळ्या दिल्या आहेत. घरचे म्हणतात, ही सैतानाची भीती आहे, गोळ्या सोड आणि उपास-प्रार्थना कर. मला तर आता स्टेशनचीही भीती वाटते.

गोळ्या सोडू नका. हे सर्वांत वर लिहितो, कारण या आजारावर बहुधा दिली जाणारी औषधे परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे घेतात, आणि अचानक बंद केली तर चक्कर, बेचैनी येऊन सगळे परत उसळते. बरे वाटू लागल्यावरही ती साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

औषध घेणे हा अविश्वास असता, तर संदेष्टा यशयाने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचे पोटीस (लेप) बांधायला सांगितले नसते (यशया ३८:२१). त्याच अध्यायात त्याची रडून केलेली प्रार्थना ऐकली गेली आहे. प्रार्थना आणि पोटीस एकाच पानावर. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). आणि घरच्यांना एलीयाचा प्रसंग वाचून दाखवा, १ राजे १९. इतका मोठा संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, उपासही सांगत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. 'तू येथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगराला पोहोचल्यावर येतो. झोप उडालेल्या, घाबरलेल्या माणसाला उपास घडवणे आम्हाला योग्य वाटत नाही. रिकाम्या पोटी थरथर आणि धडधड वाढते. तुम्हीही पहाटेच्या गाडीत रिकाम्या पोटी दोन-तीन चहा घेत असाल, तर ते थांबवा.

झटका आला की काय करायचे, ते पाठ करून ठेवा. पाठ टेकवून बसा, दोन्ही पावले जमिनीवर टेकवा. आधी श्वास पूर्ण सोडा. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच मुंग्या येतात, डोके हलके होते. म्हणून 'मोठा श्वास घे' हा शेजाऱ्याचा सल्ला उलटा पडतो. नाकाने चार अंक मोजून श्वास घ्या, सहा अंक मोजून सोडा, पोट हलू द्या. असे दहा वेळा. अंकांऐवजी स्तोत्र २३:४ मधला आधार धरता येतो : घेताना 'हे प्रभू', सोडताना 'तू माझ्याबरोबर आहेस'. झटका बहुतेक दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि वीस ते तीस मिनिटांत ओसरतो. 'हे जाऊ दे' अशी झुंज देऊ नका, नाडी पुन्हा पुन्हा तपासू नका. त्याने शरीराला धोका आहेच अशी खूण मिळते. मात्र छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, दरदरून घाम आला, शुद्ध हरपली किंवा दुखणे नेहमीपेक्षा वेगळे वाटले, तर श्वास मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

स्टेशन टाळू नका. टाळले की त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते आणि पुढच्या वेळी भीती दुपटीने येते. पायऱ्या करा. दोन-तीन दिवस नुसते सोलापूर स्टेशनच्या फलाटावर अर्धा तास बसा. मग सोबत घेऊन पॅसेंजरने मोहोळपर्यंत जा आणि परत या. मग कुर्डुवाडीपर्यंत. मग एकट्याने. धडधड सुरू झाली तरी ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचे, मग पुढची पायरी. स्तोत्र ५६ मध्ये हाच क्रम आहे : तिसऱ्या वचनात 'भीती वाटते तेव्हा' भरवसा, आणि चौथ्यात, भरवसा ठेवल्यावर, 'मी भिणार नाही'. भीती जाईपर्यंत दावीद थांबलेला नाही, ती घेऊनच निघाला आहे.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी क्रमांक आहे. २४ तास, विनामूल्य, मराठीतही. जगणे नकोसे वाटले तर त्याच क्षणी फोन करा आणि घरच्या एकाला उठवा. पाळकसाहेबांना झटक्यांबद्दल जरूर सांगा, आणि याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांकडून प्रार्थना करून घ्या. गोळी घेऊन प्रार्थनेला बसायला हरकत नाही.

प्रश्न : आमच्या दारात दर अमावास्येला कुणीतरी लिंबू-कुंकू टाकते. आम्ही ख्रिस्ती आहोत तरी सासूबाई घाबरतात. एका प्रार्थनावाल्यांनी स्तोत्र ९१ लिहिलेला कागद दाराला लावायला आणि मंतरलेले तेल ५,००० रुपयांना घ्यायला सांगितले आहे. घ्यावे का?

घेऊ नये. देवाचे दान पैशाने मिळते असे समजणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावले, ते प्रेषितांची कृत्ये ८:२० मध्ये वाचा. कागदाचे म्हणाल, तर स्तोत्र ९१ फार सुंदर आहे, रोज वाचा. पण मत्तय ४:६ मध्ये येशूच्या परीक्षेच्या वेळी सैतान नेमके याच स्तोत्राचे शब्द वापरतो. वचन कुणाच्या तोंडी आहे आणि कशासाठी, हे बघावे लागते. दाराला चिकटवलेला कागद ताइताच्या जागी आला, तर भीती तशीच राहते, फक्त वस्तू बदलते. उद्या कागद फाटला की सासूबाई पुन्हा घाबरणार. इफिसच्या जादूटोणा करणाऱ्यांनी विश्वास ठेवल्यावर आपली पुस्तके सर्वांसमोर जाळली (प्रेषितांची कृत्ये १९:१९). त्यांची किंमत ५०,००० रुपये भरली, असे लूक नोंदवतो, म्हणजे चांदीची नाणी. ती त्यांनी विकलीही नाहीत.

लिंबू केरसुणीने सुपलीत घ्या आणि घंटागाडीत टाका. ओलांडून जायला किंवा हात लागायला काही होत नाही. कुणी टाकले याचा शोध लावत बसू नका; त्या शोधातून गल्लीत वैर उभे राहते आणि लिंबापेक्षा ते घातक असते. अमावास्येच्या संध्याकाळी सासूबाईंना मध्ये बसवून कुटुंबप्रार्थना घ्या, कलस्सै २:१५ वाचा आणि एक गीत म्हणा. त्यांना हसू नका. मन जुन्या धास्तीतून एका दिवसात सुटत नाही. कुणी बाधा उतरवायच्या नावाखाली मारहाण, बांधून ठेवणे, चटके असे काही करू लागले, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे. थेट पोलीस ठाण्यात जा.

प्रश्न : 'भिऊ नको' हे शास्त्रात बरोबर ३६५ वेळा आहे, दर दिवसाला एक, असा मेसेज फिरतो. खरे आहे का?

नाही. भाषांतराप्रमाणे आकडा बदलतो, आणि 'भिऊ नको', 'भिऊ नका', 'घाबरू नको' सगळे धरले तरी ३६५ भरत नाहीत. मुलांना रविवारच्या शाळेत हे शिकवू नका. पुढे कुणी मोजून दाखवले की त्यांचा बाकीच्यावरचाही भरवसा डळमळतो. त्याऐवजी एक करता येईल. जिथे जिथे 'भिऊ नको' आहे, तिथे पुढचे वाक्य वाचून वहीत उतरवा. यशया ४१:१० आणि ४३:१-२ पासून सुरुवात करा. 'कारण मी तुझ्याबरोबर आहे' असे कारण पुढे वारंवार दिलेले सापडेल.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, अनेक वर्षे मंडळीचे वडील होते. कर्करोग पसरला आहे, घरीच आहेत. आयुष्यभर इतरांना धीर दिला, आणि आता रात्री माझा हात घट्ट धरून 'भीती वाटते' म्हणतात. भेटायला येणारे त्यांना विश्वासाची आठवण करून देतात, मग ते आणखी गप्प होतात. मी काय करू?

भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगा : दहा मिनिटे, हळू आवाजात, आणि उपदेश नको. एक वचन आणि चार वाक्यांची प्रार्थना पुरते.

गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशू 'माझा जीव अति खिन्न झाला आहे' म्हणाले आणि जवळच्या तिघांना 'जागे राहा' अशी विनवणी केली (मार्क १४:३३-३४). इब्री ५:७ मध्ये त्यांचा आक्रोश आणि अश्रू नोंदलेले आहेत. तुमचे वडील म्हणतात ते त्यांच्या प्रभूनेही म्हटले आहे, एवढे त्यांना सांगा. योहानाच्या पहिल्या पत्रातले 'पूर्ण प्रीती भीती घालवून देते' (४:१८) हे वचन अशा वेळी माणसाच्या अंगावर फेकले जाते. मागचे १७ वे वचन वाचले की कळते, तिथे न्यायाच्या दिवसाच्या, शिक्षेच्या भीतीबद्दल लिहिले आहे. खाटेवर पडलेल्याला वाटणाऱ्या प्रत्येक धास्तीबद्दल ते नाही.

मग सकाळी, ते जरा ताजेतवाने असताना विचारा : बाबा, नेमकी कशाची भीती वाटते? घाई न करता थांबा. भीती एकच दिसते, पण आत वेगवेगळी असते, आणि उत्तरही वेगळे असते. दुखण्याची असेल, तर डॉक्टरांना वेदनाशामक औषधांबद्दल स्पष्ट विचारा. दुखले की मग देण्यापेक्षा ठरलेल्या वेळी दिलेली मात्रा बहुधा जास्त काम करते, आणि गरज पडल्यास मॉर्फिनही देतात. आईचे कसे होईल ही असेल, तर मृत्युपत्र, खात्यांवरचे नॉमिनी, घराचे कागद त्यांच्यासमोर नीट लावा आणि आईला कोण बघणार हे नाव घेऊन सांगा. कुणाशी अबोला असेल, तर त्या माणसाला बोलवा. जुन्या एखाद्या पापाची टोचणी असेल, तर पाळकसाहेबांना एकटे त्यांच्याजवळ बसू द्या, रोमकरांस ८:१ वाचू द्या, आणि प्रभुभोजन घरी देण्याची विनंती करा. गिळता येत नसेल, तर भाकर द्राक्षरसात बुडवून कणभर पुरते. आणि एकटे जावे लागण्याची असेल, तर शब्दांपेक्षा हात उपयोगी पडतो. घरच्यांनी रात्रीच्या पाळ्या लावा, म्हणजे तुम्हीही कोसळणार नाही.

रात्री वाचायला स्तोत्र २३, २७ आणि १२१. मराठीत, त्यांना लहानपणापासून पाठ आहे त्याच जुन्या भाषांतरातून, नवे सोपे भाषांतर नको. ओळखीचे शब्द झोपेतही ऐकू जातात. दोन वचनांच्या मध्ये एक श्वास थांबा. शेवटी स्तोत्र ३१ चे ५ वे वचन, 'मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो'. वधस्तंभावर येशूने हेच शब्द उच्चारले (लूक २३:४६). ते ओठ हलवून सोबत म्हणू लागले, तर तुम्ही आवाज कमी करा आणि त्यांना पुढे जाऊ द्या.